औषधांवर लक्ष ठेवण्याबद्दल फार्मासिस्टला काय वाटते, हे मोजायचे कसे? गोव्यात सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा हे सर्वेक्षण केले तेव्हा प्रश्नावलीत एकाहून एक सरस विधाने होती. 'रुग्णाच्या औषधांवर लक्ष ठेवणे हे फार्मासिस्टचे महत्त्वाचे कर्तव्य आहे.' 'दुष्परिणामांची माहिती रुग्णाला द्यायलाच हवी.' पणजी-म्हापशाच्या दुकानांतून फॉर्म परत आले आणि बहुतेकांवर 'पूर्ण सहमत'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत टिकांची एक सरळ रेघ होती. एका वडीलधाऱ्या फार्मासिस्टने फॉर्म हातात देताना हसून विचारले, "बाय, ह्यात 'नाही' म्हणायला जागा कुठे ठेवलीस?"

ते सर्वेक्षण मी कपाटात ठेवून दिले. पुढची सगळी खटपट त्या एका प्रश्नातून सुरू झाली. ज्या विधानाला 'हो' म्हणताना उत्तर देणाऱ्याच्या पदरचे काहीच जात नाही, त्या विधानाने काहीच मोजले जात नाही. एम. फार्म. किंवा फार्म. डी.च्या प्रबंधासाठी किंवा संघटनेच्या कामासाठी असे सर्वेक्षण हाती घेणाऱ्यांनी पुढचे सगळे वाचताना हे धरून ठेवावे.

आधी ठरवा: 'लक्ष ठेवणे' म्हणजे नेमके काय

काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही निदान पाच वेगवेगळी कामे आहेत. नेहमीचे गिऱ्हाईक गोळ्या वेळेवर नेते की नाही हे पाहणे, हे पहिले. तीस दिवसांच्या गोळ्या नेणारा पन्नास दिवसांनी उगवला तर मधले वीस दिवस तो कशावर होता? दुसरे, त्रास होतो का हे आपणहून विचारणे. तिसरे, तपासण्यांची चौकशी: रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा एसिनोकुमारॉल घेणाऱ्याला शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) कधी केला हे विचारणे, थायरॉइडवाल्याला टीएसएच, मधुमेहीला एचबीए१सी. चौथे, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र डोळ्यांखालून घालणे. पाचवे, काही खटकले तर डॉक्टरांना फोन करणे आणि कुठेतरी नोंद ठेवणे.

ही पाच कामे एका 'लक्ष ठेवणे' या शब्दात कोंबली की उत्तरांचा चिवडा होतो. पहिले काम मनापासून करणारा माणूस पाचव्याच्या वाटेलाही जात नाही. डॉक्टरांना फोन करायचा म्हटले की अनेकांचा हात अडखळतो. त्यामुळे पाचांची विधाने वेगळी ठेवा आणि गुणही वेगळे काढा.

कायद्याच्या बाजूने हा विषय हवेत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच तयार करून द्यायचे असते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत तर रुग्णाशी काय बोलायचे याची यादीच आहे: डोस चुकला तर काय करायचे, कोणत्या औषधांचे एकमेकांशी पटत नाही, रुग्णाने स्वतःच्या औषधोपचारावर स्वतः लक्ष कसे ठेवायचे. म्हणून 'हे काम कायद्याने तुमचे आहे का' असा प्रश्न अभिवृत्तीच्या, म्हणजे माणसाला काय वाटते ते मोजणाऱ्या, प्रश्नावलीत घालू नका. ती माहितीची परीक्षा होते, आणि परीक्षेच्या वासाने माणूस बिचकतो.

गोव्यात हा विषय तातडीचा का, याला एक आकडा पुरे आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मधुमेहाचे प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, आढळले. ही माणसे डॉक्टरांकडे दोन-तीन महिन्यांनी जातात, फार्मसीत मात्र दर महिन्याला येतात.

अभिवृत्ती, माहिती आणि वागणूक यांची गल्लत टाळा

माणूस म्हणतो एक आणि करतो दुसरे, हे आजीलाही ठाऊक असते. शास्त्रात याचे जुने उदाहरण अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांचे आहे. एका चिनी जोडप्याबरोबर ते अमेरिकेत अडीचशेवर हॉटेले आणि खानावळींत गेले, नकार मिळाला एकाच ठिकाणी. नंतर पत्राने विचारले तेव्हा उत्तर देणाऱ्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळवले. १९३४ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्या विषयात उलटी तऱ्हा दिसते: कागदावर सगळे सज्जन आणि काउंटरवर वेळ नाही.

त्यामुळे फॉर्मचे तीन भाग करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिल्या भागात विधाने, म्हणजे अभिवृत्ती. दुसऱ्यात प्रसंग. तिसऱ्यात गेल्या सात दिवसांची वागणूक. 'साधारणपणे तुम्ही विचारता का?' याला सगळे 'हो' म्हणतात. 'गेल्या सात दिवसांत रक्त पातळ करण्याची गोळी नेणाऱ्या किती जणांना तुम्ही आयएनआरबद्दल विचारले? असे गिऱ्हाईक आलेच नसेल तर तसे लिहा' असे विचारले की माणूस क्षणभर वर बघतो आणि आठवू लागतो. हवे असते ते तेच.

अभिवृत्तीच्या आत काय काय मोजायचे यासाठी मानसशास्त्रज्ञ आयझेक आयझेन यांची नियोजित वर्तनाची चौकट मला सोयीची वाटते. तीन बाजू: हे काम करण्यासारखे आहे असे वाटते का, आजूबाजूच्यांना (डॉक्टर, मालक, गिऱ्हाईक) ते रुचेल असे वाटते का, आणि ते आपल्या हातात आहे असे वाटते का. गोव्यातल्या दुकानांत तिसरी बाजू सर्वांत कळीची. मालक वेगळा आणि फार्मासिस्ट पगारी असेल तर 'मला पटते, पण हातात नाही' हे उत्तर वरचेवर मिळते. पहिल्या दोनच बाजू मोजल्या तर तो माणूस कारण नसताना 'उदासीन' ठरतो.

विधाने लिहिणे: इथे वेळ घाला

सुरुवात टेबलाशी बसून करू नका. आठ-दहा फार्मासिस्टांशी गप्पा मारा. वाळपईच्या बसस्टँडजवळचा एक, कळंगुटच्या किनारपट्टीवरचा एक, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या आसपासचा एक, मडगावच्या बाजारातला एक, असे निवडा. त्यांची वाक्ये त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. 'चिठ्ठी डॉक्टरची, डोके मी कशाला लावू?' 'इतके विचारले तर गिऱ्हाईक म्हणते, तू पोलीस काय?' 'माझ्याकडे टुरिस्ट येतात, परवा गोव्यातच नसतात, कुणावर लक्ष ठेवू?' यातले प्रत्येक वाक्य थोडे घासूनपुसून घेतले की विधान तयार. ग्रंथालयात बसून अशी वाक्ये सुचत नाहीत.

आता फरक बघा. जुने विधान: 'दुष्परिणामांबद्दल रुग्णाला विचारणे गरजेचे आहे.' नवे विधान: 'काउंटरसमोर चार गिऱ्हाइके खोळंबलेली असतानाही मी नेहमीच्या रुग्णाला त्रासाबद्दल विचारायला हवे.' दुसऱ्याला 'पूर्ण सहमत' म्हणायचे तर डोळ्यांसमोर ती चार माणसे येतात. किंमत लावली ती अशी.

अशीच आणखी काही, माझ्या सध्याच्या प्रश्नावलीतली:

'चिठ्ठीत काही खटकले तर डॉक्टर नाराज होण्याचा धोका पत्करूनही मी फोन करावा.'
'औषधाने त्रास होतो का हे पाहण्याची जबाबदारी चिठ्ठी लिहिणाऱ्याची, माझी नव्हे.'
'नेहमीच्या रुग्णांच्या औषधांची नोंद ठेवण्यासाठी दिवसाचा अर्धा तास गेला तरी चालेल.'
'गिऱ्हाइकाला प्रश्न विचारले तर ते शेजारच्या फार्मसीत जाईल.'
'आयएनआरचा आकडा पाहून काय करायचे याबद्दल मला पुरेसा विश्वास आहे.'
'या कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत तोवर ते माझ्याकडून अपेक्षित धरू नये.'

यांतली दुसरी, चौथी आणि सहावी उलट्या दिशेची आहेत, ती मुद्दाम. सगळी विधाने एकाच दिशेची असली की माणूस न वाचता एकाच रकान्यात टिका मारत जातो. पण उलटे करताना 'नाही'चा दुहेरी घोळ घालू नका. 'विचारू नये असे मला वाटत नाही' याला सहमत म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही नंतर कळत नाही. तसेच एका विधानात दोन गोष्टी जोडू नका. 'नोंद ठेवावी आणि डॉक्टरांना कळवावे' हे दोन विधानांचे काम आहे.

श्रेणी पाच पायऱ्यांची ठेवा: पूर्ण असहमत, असहमत, सांगता येत नाही, सहमत, पूर्ण सहमत. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली ही रीत अजून टिकून आहे, कारण उभ्याउभ्या फॉर्म भरणाऱ्याला ती झेपते. सात पायऱ्या सूक्ष्म फरक टिपतात खऱ्या, पण काउंटरवर कोपर टेकून भरताना 'काहीसा सहमत' आणि 'बराचसा सहमत' यांत फरक करायला कुणाला उसंत नसते. एकूण विधाने पंचवीसच्या आत. आधी चाळीस लिहा, मग चाळा.

प्रसंग

विधानांपेक्षा प्रसंग जास्त बोलके असतात. एक खाचखळगा मात्र आहे. प्रसंगातला धोका फार्मासिस्टच्या लक्षातच आला नाही तर तुम्ही त्याचे ज्ञान मोजता, अभिवृत्ती नाही. त्यामुळे धोका प्रसंगातच सांगून टाका. मग उरतो तो एवढाच प्रश्न: माहीत असताना तुम्ही काय कराल?

उदाहरणार्थ: रुमॅटॉइड संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. तुमच्या एका रुग्णाने महिनाभराच्या चार गोळ्या नेल्या आणि पाचव्या दिवशी तो परत गोळ्या मागायला आला. दुकानात गर्दी आहे, डॉक्टर फोन उचलत नाहीत.

दुसरा: रामिप्रिल आणि लघवीची गोळी चालू असलेली सत्तर वर्षांची बाई गुडघ्यासाठी चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक मागते. ही तिन्ही एकत्र मूत्रपिंडावर ताण आणू शकतात. "गेल्या महिन्यात तूच दिली होतीस," असे ती म्हणते.

तिसरा आपल्या इथला: ग्लिमेपिराइड घेणारा माणूस श्रावणी सोमवारचा कडकडीत उपास धरणार असल्याचे बोलता बोलता सांगतो. उपाशीपोटी साखर एकदम खाली जाऊ शकते. तुम्ही गोळ्या बांधून दिल्या आहेत, पैसेही घेऊन झाले आहेत. (रमजानच्या रोज्यांचा प्रसंगही घाला, मडगाव-वास्कोकडे तो जास्त भिडतो.)

प्रत्येकाखाली दोन प्रश्न. 'बहुधा काय कराल?' याला चार-पाच पर्याय: काही न बोलता देईन, सावध करून देईन, डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत थांबवीन, दुसरे काही. आणि मग 'यात लक्ष घालणे कितपत तुमचे काम आहे?' असे ० ते १० वर. या दोन उत्तरांतली तफावत मला सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्याला ९ आणि पहिल्याला 'काही न बोलता देईन' असे एकाच फॉर्मवर आले, तर तो माणूस खोटा नसतो, अडकलेला असतो. कशात अडकला आहे ते शोधायचे.

भाषा

फार्मासिस्ट शिकतो इंग्रजीत, गिऱ्हाइकाशी बोलतो कोकणीत, पेपर वाचतो मराठी, आणि सासष्टीत असेल तर कदाचित रोमी लिपीतली कोकणी. फक्त इंग्रजी फॉर्म दिला तर चालतो, कुणी तक्रार करत नाही. पण इंग्रजीत माणूस पुस्तकी उत्तर देतो, हा माझा अनुभव. इंग्रजी, मराठी आणि कोकणी अशा तिन्ही प्रती ठेवा आणि निवड त्याच्यावर सोडा. कोणती घेतली याची नोंद ठेवा.

भाषांतराची रूढ रीत अशी: एकाने मूळातून मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यावे, मग दोन्ही शेजारी ठेवून कुठे घसरले ते पाहावे. माझे घसरले ते 'देखरेख' या शब्दावर. उलट भाषांतरात तो 'सुपरव्हिजन' होऊन आला, आणि फार्मासिस्टला ऐकू येतो तो 'इन्स्पेक्टर'. 'औषधांवर लक्ष ठेवणे' हे सौम्य पडते, कोकणीत 'लक्ष दवरप'. औषधांची नावे, आयएनआर, एचबीए१सी यांचे भाषांतर करण्याच्या भानगडीत पडू नका.

तज्ज्ञांची नजर आणि छोटी चाचणी

सहा तज्ज्ञ पुरतात: दोन फार्मसीचे शिक्षक, दोन रोज काउंटरवर उभे राहणारे फार्मासिस्ट, एक डॉक्टर, एक संख्याशास्त्र जाणणारा. (शिक्षकांसाठी गोव्याबाहेर जायची गरज नाही. इथल्या फार्मसी शिक्षणाची मुळे पोर्तुगीज काळात, १८४२ सालच्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातात.) प्रत्येकाने प्रत्येक विधानाला १ ते ४ असे समर्पकतेचे गुण द्यायचे. ३ किंवा ४ देणारे किती, भागिले एकूण तज्ज्ञ. सहांतले पाच म्हणजे ०.८३, ठेवा. चार म्हणजे ०.६७, दुरुस्त करा किंवा काढा. सहा तज्ज्ञांसाठी ०.७८ ही मर्यादा सहसा धरतात.

मग तीसेक फार्मासिस्टांवर पथदर्शी चाचणी. त्यांतल्या पाच-सहांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगून 'तुम्हाला यातून काय समजले?' असे विचारा. कंटाळवाणे काम, पण एकदा 'नेहमीचा रुग्ण' म्हणजे 'साधा आजार असलेला' असा अर्थ एकाने घेतलेला निघाला. ज्या विधानावर ऐंशी-नव्वद टक्के लोक एकाच टोकाच्या रकान्यात गेले ते फेकून द्या, कितीही आवडते असले तरी. दोन आठवड्यांनी त्याच लोकांना फॉर्म पुन्हा देऊन उत्तरे किती जुळतात तेही पाहा. आणि या तीस जणांना मुख्य सर्वेक्षणात घेऊ नका.

कुणाला विचारायचे आणि किती जणांना

एकाच दुकानात तीन प्रकारची माणसे असतात: परवान्यावर नाव असलेला मालक, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेला फार्मासिस्ट, आणि काउंटरवर औषध काढून देणारा मुलगा. कधी तिन्ही एकच, कधी तीन वेगळे. तुमचा प्रश्न नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो दुकानात नसेल तर दुसऱ्याकडून फॉर्म भरून घेऊ नका. तीन वेगवेगळ्या वेळी जा, तरी भेटला नाही तर 'भेट झाली नाही' असे लिहा. हा आकडा स्वतःच एक निष्कर्ष असतो, त्यावर टिप्पणी न करताही.

नमुन्याचे गणित: ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरली तर अमर्याद समष्टीसाठी (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ते सगळे) ३८४ लागतात. गोव्यासारख्या छोट्या ठिकाणी ही संख्या खाली येते. समजा तुमच्या यादीत ६०० दुकाने निघाली. ३८४ ला १ + (३८३ ÷ ६००), म्हणजे १.६३८ ने भागा. २३५ आले. दहातले सात जण उत्तर देतील असे धरले तर ३३६ दुकानांपर्यंत पोचावे लागेल. यादी गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे परवान्यांची असते आणि राज्य फार्मसी कौन्सिलकडे फार्मासिस्टांची. दोन्हींचा मेळ स्वतः घालावा लागतो.

निवड बाराही तालुक्यांतून, पण फक्त तालुक्यांप्रमाणे वाटणी पुरत नाही. खरा फरक पडतो गिऱ्हाइकाच्या प्रकाराने. कळंगुट-कांदोळीच्या दुकानात आलेला माणूस पुन्हा दिसेलच असे नाही. साखळी शहरात तीन पिढ्या एकाच फार्मसीतून औषध नेतात. बांबोळीला आणि म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळांच्या परिसरात चिठ्ठी ताजी असते, माणूस मात्र दुरून आलेला असतो. म्हणून किनारपट्टी, शहरी बाजार, इस्पितळांजवळची आणि आतल्या गावांतली असे चार गट करा. सांगे, धारबांदोडा, काणकोणसारख्या ठिकाणी दुकाने थोडी, तिथे सगळीच घ्या आणि बेरीज करताना भार समायोजित करा, म्हणजे प्रमाणाबाहेर घेतलेल्या दुकानांचे वजन कमी धरा.

दारात कोणाचे नाव घेऊन जायचे

अन्न व औषध प्रशासनाचे पत्र हाती असले की दारे पटापट उघडतात. पण उत्तरे तेवढ्याच पटापट बंद होतात. परवाना तपासणाऱ्याच्या कागदावर कुणी 'माझे काम नव्हे' असे लिहील का? यादीसाठी अर्ज करा, पण फॉर्मवर आणि ओळखपत्रावर कॉलेजचे नाव असू द्या. औषधविक्रेत्यांच्या संघटनेच्या तालुका पदाधिकाऱ्याचा एक फोन आधी गेला असेल तर बरेच काम सोपे होते. तो स्वतः बरोबर येऊ लागला तर मात्र नम्रपणे टाळा.

वेळ सांभाळा. दुपारी एक ते साडेतीन-चार शटर खाली असते. त्या झोपेत कुणी मध्ये आले तर पुढच्या जन्मापर्यंत लक्षात राहते. चार वाजता दुकान उघडल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत चांगला. संध्याकाळी सहा ते आठ नको, महिन्याचा पहिला आठवडा नको, म्हापशात शुक्रवार नको. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस तर सोडूनच द्या. फॉर्म 'भरून ठेवा, उद्या नेते' असे सांगून आलात तर उद्या तो बिलबुकाखाली सापडतो, कोरा किंवा मालकाने भरलेला. समोर थांबा, पण वाकून बघू नका. गूगल फॉर्मची लिंक पाठवली तर उत्तरे तरुणांचीच जास्त येतात.

संमती आणि गुप्तता

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे लेखी संमती नंतर. हे सगळ्यांना माहीत असते. कमी माहीत असलेली गोष्ट: गोवा लहान आहे. अहवालात 'धारबांदोडा तालुका, महिला, वय ५० च्या वर' एवढे लिहिले की त्या तालुक्यातल्या कुणालाही ती कोण हे कळते. नाव लिहिले नाही म्हणून गुप्तता राखली असे होत नाही. तालुकावार तक्ता देऊ नका, वरचे चार गट द्या, आणि पाचापेक्षा कमी माणसे असलेला कोणताही चौकोन दाखवू नका. फॉर्मवर फक्त संकेतांक, संकेतांकांची वही वेगळ्या कुलपात.

चिठ्ठीशिवाय काय काय देता, शेड्यूल एच१ चे (ज्या औषधांची विक्री नोंदवावीच लागते त्यांचे) रजिस्टर भरता का, असले थेट गुन्ह्याची कबुली मागणारे प्रश्न घालू नका. खरे उत्तर मिळत नाही आणि पुढच्या प्रश्नांचाही विश्वास उडतो.

आकडे मांडताना

उलट्या विधानांचे गुण आधी फिरवा: ६ वजा मिळालेला गुण. हे विसरल्यामुळे किती प्रबंध घोळले असतील देव जाणे.

मग प्रत्येक उपविभागाचा क्रॉनबाख अल्फा, म्हणजे त्यातली विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा. एक्सेलमध्येही निघतो. समजा १२ विधाने आहेत, प्रत्येक विधानाच्या विचरणांची (गुण किती पसरले आहेत त्याचे माप) बेरीज ११.४ आणि एकूण गुणांचे विचरण ३८. ११.४ ÷ ३८ = ०.३०. १ मधून वजा केले, ०.७०. त्याला १२/११ ने गुणले, ०.७६. ०.७० च्या वर सहसा पुरेसे मानतात. ०.९५ आले तर खूश होऊ नका, तेच विधान शब्द बदलून दहादा विचारले आहे असा त्याचा अर्थ असू शकतो. बाकीच्यांशी ०.३० हूनही कमी जुळणारे विधान तपासून पाहा. बहुतेकदा उलटे गुण फिरवायचे राहिलेले असतात.

घटक विश्लेषणासाठी (कोणती विधाने एकत्र गट करतात हे पाहण्यासाठी) विधानामागे पाच ते दहा माणसे लागतात, म्हणजे २३५ जणांत पंचवीस विधाने आरामात बसतात. जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरते.

सगळ्या फॉर्मची एक बेरीज करून 'निम्म्याहून जास्त गुण म्हणजे सकारात्मक दृष्टिकोन, ७८ टक्के सकारात्मक' असे छापू नका. मी स्वतः असे तक्ते काढले आहेत. दिसायला छान, त्यांवरून कुणाला काय करावे ते मात्र कळत नाही. त्याऐवजी पाच कामे आडवी आणि तीन बाजू (पटते का, इतरांना रुचेल का, हातात आहे का) उभ्या मांडा, प्रत्येक चौकोनात मध्यक आणि विस्तार लिहा. मग दिसते की गोळ्या वेळेवर नेण्याची चौकशी सगळ्यांना पटते आणि झेपतेही, डॉक्टरांना फोन करणे पटते पण 'इतरांना रुचेल' या चौकोनात खाली घसरते. प्रशिक्षणाचा उपयोग कुठे होईल आणि डॉक्टरांच्या संघटनेशी बोलणी कुठे करावी लागतील, हे या एका तक्त्यातून वाचता येते.

मालक आणि पगारी फार्मासिस्ट यांची तुलना जरूर करा. गुण क्रमवार असल्याने मान-व्हिटनी चाचणी चालते. पण वय, शिक्षण, गट, लिंग अशी वीस चाचण्या करून त्यांतल्या एकीचे पी-मूल्य (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आले म्हणून तिच्यावर प्रकरण उभारू नका. वीसांत एक तशीही येते. काय तपासणार हे सर्वेक्षणाआधीच लिहून तारीख घालून ठेवा.

किती दुकानांत गेलात, किती बंद होती, किती ठिकाणी फार्मासिस्ट भेटला नाही, किती जण 'नको' म्हणाले, हे चारही आकडे पहिल्याच तक्त्यात द्या. ज्यांनी नकार दिला त्यांचे मत बहुधा देणाऱ्यांपेक्षा वेगळे असते.

शेवटची कोरी जागा

फॉर्मच्या शेवटी 'आणखी काही सांगायचे आहे?' असे लिहून चांगली अर्धे पान जागा सोडा. बरेच जण ती कोरी ठेवतात. जे लिहितात ते कधी कोकणीत, कधी मराठीत, कधी अर्धे-अर्धे. ते सुधारून, शुद्धलेखन नीट करून टाइप करू नका. आहे तसे उतरवा आणि त्या फॉर्मचा संकेतांक शेजारी लिहा. माझ्या दुसऱ्या सर्वेक्षणात तिथे एकाने लिहिले होते: 'विचारतो, पण घरी जाताना. दुकानात सगळ्यांसमोर कोण सांगेल?' पाच कामांपैकी कोणत्याच विधानात मी घराकडे जाणारी वाट धरली नव्हती. तिसऱ्या प्रश्नावलीत ती आहे, विधान क्रमांक सतरा.